डोराकेकच्या आत काय असतं? जपानी गोडाधोडाची गोष्ट, सोप्या भाषेत

घरात लहान मूल असेल तर डोराकेक माहीत असतोच. टीव्हीवरचा निळा यंत्रबोका डोरेमॉन ज्याच्यावर जीव टाकतो, तो. हिंदी डबिंग करणाऱ्यांनी त्याचा डोराकेक केला. जपानमध्ये त्याला दोरायाकी म्हणतात. मैदा, अंडी, साखर आणि थोडा मध यांच्या पिठाचे तव्यावर भाजलेले दोन मऊ गोल, आणि त्यांच्यामध्ये काळपट लाल सारण. आपल्याकडची बरीच मुलं त्या सारणाला चॉकलेट समजून बसलेली असतात आणि खरा दोरायाकी पहिल्यांदा तोंडात गेला की चेहरा वाकडा करतात. कारण आत असतं कडधान्य. शिजवून, साखर घालून आटवलेलं.

मोठ्यांचंही फार वेगळं नसतं. जपानहून कुणी मिठाईचा डबा आणला की सगळे ‘काय सुंदर दिसतंय!’ म्हणतात, एकेक तुकडा मोडतात, आणि मग तो डबा फ्रिजमध्ये मागे मागे सरकत जातो. तूप नाही, खवा नाही, वेलची-केशर नाही. मग यात गोड मानून घ्यायचं ते काय? माझं म्हणणं असं की ही मिठाई कळायला आधी तिची अडचण कळावी लागते. दूध नाही, तूप नाही आणि कित्येक शतकं धड साखरही नाही, अशा घरात सणाला गोड काय करायचं? जपानी हलवायांनी या अडचणीतून जी वाट काढली तिला आज वागाशी म्हणतात, म्हणजे देशी मिठाई. तांदूळ आणि कडधान्य घरचं होतं. साखर बाहेरून यायची, आणि ती कशी आली यावरच बाकीचं सगळं ठरलं.

आधी दुधाचं बघू. इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु यांनी शेतीच्या हंगामात गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला मनाई करणारा हुकूम काढला. बौद्ध धर्माचा प्रभाव होताच, शिवाय बैल नांगराला हवे होते. दूध आटवून केलेला ‘सो’ नावाचा पदार्थ राजदरबारात काही काळ चालला, पण दरबाराची सद्दी संपली तसा तोही गेला. सामान्य घरात दूधदुभतं कधी शिरलंच नाही. त्यामुळे जुनी जपानी मिठाई जवळजवळ सगळीच वनस्पतीजन्य आहे, आणि ती तशी कुणाच्या तत्त्वामुळे नव्हे, तर दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून.

गोडासाठी होती फळं, सुकवलेली पर्सिमॉन आणि अमाझुरा. अमाझुरा म्हणजे एका रानवेलीचा रस थेंब थेंब गोळा करून आटवलेला पाक. साधारण १००० सालच्या सुमाराची दरबारी लेखिका सेई शोनागोन आपल्याला आवडणाऱ्या तरल, देखण्या गोष्टींची यादी देते, त्यात नव्या धातूच्या वाडग्यातला किसलेला बर्फ आणि त्यावर अमाझुरा आहे. हजार वर्षांपूर्वीचा बर्फाचा गोळा! अर्थात तो फक्त बड्यांसाठी. उन्हाळ्यात बर्फ आणि वर वेलीचा पाक, दोन्ही एकत्र परवडणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

साखर तोवर जपानला पोचलीच नव्हती असं नाही. नारा शहरातल्या तोदाईजी मंदिराला ७५६ साली दान दिलेल्या औषधांची यादी आजही शाबूत आहे आणि तिच्यात साखरेचं नाव आहे. औषध म्हणून. साखर वैद्याच्या कपाटातून स्वयंपाकघरात यायला आणखी आठशे वर्षं जायची होती, आणि ती आली पोर्तुगीजांच्या जहाजांतून.

गोव्याहून निघालेली जहाजं

पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले ते बंदुका घेऊन, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. त्यांच्या व्यापाराचं पूर्वेकडचं मुख्य ठाणं होतं गोवा. गोव्याहून निघालेलं जहाज मलाक्का, मकाव असं करत जपानला जायचं. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहूनच निघून कागोशिमाला पोचले. त्यांचा देह आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकात आहे. त्यांच्या मागोमाग गेलेल्यांत लुईश फ्रोइश हा जेझुइट, म्हणजे झेवियर यांच्याच पंथाचा धर्मप्रचारक, होता. त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली तीही गोव्यातच. १५६९ मध्ये क्योतोत फ्रोइश त्या काळचा सर्वांत ताकदवान सरदार ओदा नोबुनागा याला भेटायला गेला तेव्हा नजराण्यात काचेची एक कुपी होती, आणि कुपीत साखरेचे काटेरी दाणे. पोर्तुगीजांचा कॉन्फेइतो. जपान्यांनी त्याचा कोन्पेइतो केला.

कोन्पेइतो कसा दिसतो हे मराठी वाचकाला समजावण्यात शब्द घालवायला नकोत. संक्रांतीचा हलवा डोळ्यापुढे आणा. नव्या सुनेच्या, बाळाच्या दागिन्यांत ओवतात तो, पांढरा, अंगभर काटा फुललेला. करायची रीतही थेट तीच: बारीक दाणा, मंद आच, चमचाभर पाक, सतत हालचाल, पुन्हा चमचाभर पाक. आपण परातीत तीळ किंवा खसखस घेऊन निखाऱ्यावर बोटांनी फिरवत बसतो. जपानी कारागीर तिरप्या बसवलेल्या, तापलेल्या, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या कढईत ते करतो. जुन्या काळी मधला दाणा खसखशीचा असे. आता जाड साखरेचा किंवा तांदळाच्या भरडीचा असतो. कढईतून दाणे घरंगळत खाली येतात त्याचा आवाज ऐकून कारागीर पाक कधी सोडायचा ते ठरवतो. एक घाणा उतरायला दोन आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात.

काटा का येतो? दाण्यावर कुठेतरी इवलासा उंचवटा असतो. फिरताना तोच कढईला आणि पाकाला आधी लागतो, तोच आधी वाळतो, आणि पुढच्या पळीत त्याच्यावरच आणखी थर चढतो. म्हणजे ज्याच्याकडे थोडं जास्त आहे त्यालाच आणखी मिळत जातं. खोलगट भाग मागे राहतो तो राहतोच. तेरादा तोराहिको या जपानी भौतिकशास्त्रज्ञाला या काट्यांनी इतकं पछाडलं की त्याने त्यावर निबंध लिहिला. जपानच्या राजघराण्यात शुभप्रसंगी पाहुण्यांना छोट्या नक्षीदार डबीतून आजही कोन्पेइतो देतात, आणि भूकंपासाठी घरोघरी साठवलेल्या सुक्या बिस्किटांच्या डब्यातही तोच असतो. कोरडं बिस्किट गिळायला तोंडात लाळ सुटावी म्हणून.

पोर्तुगीजांनी आणखी एक गोष्ट दिली: अंडी, मैदा आणि साखर फेटून भाजलेला केक, कासुतेरा. त्यात लोणी नाही, दूध नाही, त्यामुळे तो जपानी घरात सहज बसला. नागासाकीचा कासुतेरा खाल तर तळाचा कागद हलक्या हाताने सोडवा. जाड साखरेचे न विरघळलेले दाणे तळाशी राहतात आणि तीच त्याची गंमत.

१६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं गेलं. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपातून फक्त डच, आणि तेही नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा या छोट्याशा बेटावर कोंडलेले. त्यांच्या आणि चिनी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून साखर मात्र येत राहिली. नागासाकीहून कोकुरापर्यंत सुमारे २२० किलोमीटरचा जो रस्ता, त्यावरून ती देशात पसरली. या वाटेवरच्या गावागावांत आजही स्वतःची अशी मिठाई आहे: सागाची मारुबोरो नावाची गोल बिस्किटं, ओगीचा योकान, म्हणजे कडधान्याच्या गोड सारणाची थिजवलेली वडी. २०२० मध्ये जपान सरकारने या ‘साखरेच्या रस्त्या’ला वारशाचा दर्जा दिला. त्या भागात एखादा पदार्थ कमी गोड झाला तर लोक म्हणतात, ‘नागासाकी लांब राहिलं.’ असा टोमणा ऐकून कुठलीही सुगरण वरमेल.

या गोडव्याला कडू बाजूही आहे. १६०९ मध्ये जपानच्या दक्षिण टोकाच्या सात्सुमा संस्थानाच्या सरदारांनी र्‍युक्यू राज्यावर, म्हणजे आजच्या ओकिनावावर स्वारी केली आणि वाटेतली आमामी बेटं थेट आपल्या ताब्यात घेतली. तिथल्या शेतकऱ्यांना भातशेती सोडून ऊस लावायला लावलं, काळी साखर कवडीमोलाने उचलली आणि ओसाकात चढ्या भावाने विकली. आपणच पिकवलेली साखर चाखली तरी शिक्षा. १९व्या शतकात या मक्तेदारीने सात्सुमाचा खजिना भरला आणि पुढे याच सात्सुमाने शोगुनची, म्हणजे सम्राटाच्या नावाने देशावर राज्य करणाऱ्या सेनापतीची, राजवट उलथवण्यात पुढाकार घेतला. ओकिनावाची काळी साखर आज ‘आरोग्यदायी’ म्हणून महाग विकली जाते, तेव्हा पाकिटावर हे काही लिहिलेलं नसतं.

आयात साखरेपायी चांदी-तांबं देशाबाहेर चाललंय हे आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याला खुपलं आणि १८व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने देशातच ऊस लावायला उत्तेजन दिलं. त्यातून शिकोकू बेटाच्या पूर्व भागात, आजच्या कागावा आणि तोकुशिमात, वासानबोन ही साखर तयार झाली. करंगळीएवढ्या बारीक उसाचा रस आटवायचा, कापडात बांधून दगडाखाली दाबायचा, मळी निथळू द्यायची. मग तो गोळा फळीवर घेऊन पाण्याच्या हाताने कणकेसारखा मळायचा, पुन्हा दाबायचा, आणि असं अनेकदा. शेवटी हातात येते फिकट पिवळसर, पिठीसारखी मऊ साखर. ही नुसती लाकडी साच्यात दाबून फुलापानांच्या आकाराच्या वड्या करतात. जिभेवर ठेवली की विरघळते आणि मागे काकवीचा पुसट वास राहतो. जपानी मिठाईत नवख्या भारतीयाला पहिल्या घासाला आवडेल असं एकच काही सुचवायचं झालं तर मी हे सुचवीन.

आता सारणाकडे

त्या डोराकेकच्या पोटातल्या सारणाला आन्को म्हणतात, आणि ते ज्याचं होतं ते अझुकी हे लहान लाल कडधान्य आपल्या मूग, उडीद, मटकी, चवळीच्याच कुळातलं. सगळ्यात जास्त पिकतं ते उत्तरेकडच्या थंड होक्काइदोत. अझुकी सहसा भिजत घालत नाहीत. साल इतकी चिवट की पाणी आत शिरायलाच फार वेळ लागतो. धुऊन थेट उकळत ठेवायची, पहिलं लाल पाणी उकळलं की ओतून द्यायचं, कारण सालीतला तुरटपणा त्यात उतरतो. पुन्हा नवं पाणी, मंद आच, दाणा दोन बोटांत सहज चिरडेपर्यंत. साखर त्यानंतरच. आधी घातली तर दाणा टणक राहतो तो राहतोच. कच्च्या दाण्याच्या वजनाला जवळजवळ वजनभर साखर आणि शेवटी चिमूटभर मीठ.

दाणे तसेच ठेवले तर त्सुबुआन. गाळून, साली काढून, गाळलेला लगदा पाण्यात निवू देऊन, वरचं पाणी टाकून, कापडात पिळून मग साखरेत शिजवला तर कोशिआन. पांढऱ्या घेवड्यासारख्या दाण्यांचं ते शिरोआन. त्सुबुआन की कोशिआन यावर जपानी माणसं तासभर वाद घालू शकतात. मी त्सुबुआनच्या बाजूचा; कडधान्य खातोय हे दाताला कळलं पाहिजे.

इतकं पीठूळ कडधान्य शिजवून घोटलं तर त्याची खळ का होत नाही? दाण्याच्या प्रत्येक पेशीत स्टार्च असतो. उष्णतेने पेशीतलं प्रथिन आधी गोठतं आणि स्टार्चभोवती कवच धरतं. शिजताना पेशी एकमेकींपासून सुट्या होतात पण फुटत नाहीत. म्हणून आन्को चिकट न होता जिभेवर रवाळ, मऊ लागतं. तोंडात जाणवतो तो बारीक कण म्हणजे शाबूत राहिलेली पेशी. मिक्सरमधून बेदम फिरवलं तर मात्र पेशी फुटतात आणि मग खरंच खळ होते.

हेच आन्को कांतेनमध्ये थिजवलं की योकान. कांतेन म्हणजे समुद्री शेवाळापासून होणारा, आपल्या किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळणारा पदार्थ. १७व्या शतकात क्योतोजवळच्या फुशिमीत एका खानावळवाल्याने उरलेली शेवाळाची जेली थंडीत बाहेर टाकली, रात्री ती गोठली, दिवसा वितळून पाणी निथळलं आणि काही दिवसांनी कोरडा, हलका, बिनवासाचा पदार्थ उरला, अशी हकीकत सांगतात. नागानोच्या थंड खोऱ्यात आजही हिवाळ्यात शेतात मांडण्या घालून याच रीतीने कांतेन सुकवतात. तोराया हे योकानसाठी सर्वांत नावाजलेलं घराणं मूळ क्योतोचं, राजवाड्याचं पुरवठादार. सम्राटाची गादी तोक्योला हलली तेव्हा १८६९ मध्ये त्यांनीही तिकडे दुकान मांडलं. त्यांच्या एका योकानाचं नाव आहे ‘रात्रीचा प्लम’. काळाभोर तुकडा सुरीने कापला की कापलेल्या अंगावर अख्ख्या अझुकीचे फिकट दाणे दिसतात, अंधारात उमललेल्या फुलांसारखे. खाद्यपदार्थाला इतकं काव्य कशाला, असं वाटू शकतं. पण ही मिठाई चहाच्या आधी खातात, कडू माच्चाच्या, म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेल्या चहाच्या आधी, आणि त्या खोलीत बोलायलाही काही विषय हवा असतो. तिचा गोडपणा अंगावर येतो तोही यामुळेच. नुसती खाल्ली तर फार गोड, वर कडू घोट गेला की बरोबर.

मजेची गोष्ट म्हणजे चहाविधीचा महागुरू मानला जाणारा सेन नो रिक्यू आपल्या पाहुण्यांना असलं काही देतच नव्हता. १६व्या शतकातल्या त्याच्या बैठकींत वारंवार असायचं ते मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा, लावून गुंडाळलेलं कणकेचं पातळ धिरडं. चहासोबतची रंगीत, फुलांच्या आकाराची मिठाई आली ती साखर सुटल्यावर, म्हणजे एदो काळात, १६०३ ते १८६८ या शोगुनांच्या राजवटीत.

दोन तांदूळ

तांदळाचं गणित समजलं की जपानी दुकानातली निम्मी पाटी वाचता येते. स्टार्च दोन प्रकारचा, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. रोजच्या भाताच्या तांदळात दोन्ही असतात. मोचीच्या तांदळात जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन, म्हणून तो वाफवला की गोंदासारखा चिकटतो. हा वाफवलेला भात उखळात घालून लांब दांड्याच्या लाकडी मोगरीने कुटतात. एकजण कुटतो, दुसरा दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटतो. ताल चुकला तर हातावरच. तयार होतो तो मोची: ताजा असताना रबरासारखा ताणणारा, दुसऱ्या दिवशी दगड.

दगड का, तर थंड होताना स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात. साखर पाणी धरून ठेवते आणि त्यांना जवळ येऊ देत नाही. म्हणून दाइफुकु या आन्को भरलेल्या मोचीच्या पारीत साखर मुरवलेली असते आणि तो मऊ राहतो, तर नवीन वर्षाचा बिनसाखरेचा कागामीमोची कडक होऊन तडकतो. तो ११ जानेवारीला फोडतात. देवापुढचा असल्याने सुरी लावत नाहीत, हातोडीने फोडतात. तसे तुकडे भाजून किंवा तळून जी खारी कुरकुरीत चीज होते ती ओकाकी, आणि तिचंच बारीक रूप आरारे. साध्या तांदळाच्या पिठाची वाफवून, लाटून, वाळवून निखाऱ्यावर भाजलेली, वर सोया सॉस फासलेली चकती म्हणजे सेनबेई. तोक्योच्या उत्तरेला सोका नावाचं एके काळचं मुक्कामाचं गाव आहे, तिथली सेनबेई सर्वांत प्रसिद्ध. चिकट तांदळाचं ते ओकाकी-आरारे, साध्या तांदळाचं ते सेनबेई. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

बिअरसोबत खायचं तिखटसर, चंद्रकोरीसारखं काकी-नो-ताने हेही आरारेच, निइगाता या भाताच्या कोठारातलं. त्यात शेंगदाणे मिसळलेले असतात. किती मिसळावेत यावर एका मोठ्या कंपनीने लोकांचं मत घेतलं आणि २०२० मध्ये प्रमाण सहास चारवरून सातास तीन केलं. शेंगदाण्याच्या बाजूचे हरले.

साध्या तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या गोळ्या काडीला ओवल्या की दांगो. क्योतोत एका काडीला पाच, तोक्योकडे बहुधा चार. यामागे सांगितली जाणारी गोष्ट मला फार आवडते. एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, पाच गोळ्यांची काडी पाच मोनला मिळायची. मोन हे तेव्हाचं चिल्लर नाणं. १७६८ मध्ये चार मोनचं नाणं चलनात आलं. गर्दीत लोक एक नाणं टाकून काडी उचलून पसार व्हायला लागले, तेव्हा दुकानदारांनी पाचवी गोळीच काढून टाकली. गोळीचा भाव तोच, काडीवरचा माल कमी. आजच्या बिस्किट कंपन्यांनी काही नवीन शोध लावलेला नाही.

आणि साकुरामोची. १७१७ मध्ये एदोत सुमिदा नदीकाठच्या चोमेइजी देवळाचा एक रखवालदार रोज गळलेली चेरीची पानं झाडून वैतागला होता. त्याने ती मिठात मुरवली आणि आन्को भरलेल्या मोचीला गुंडाळून देवळाच्या दारात विकायला ठेवली. चेरीच्या ताज्या पानाला काही वास नसतो. मिठात मुरलं की त्यातून कुमारिन हे सुगंधी द्रव्य सुटतं आणि तो गवत-व्हॅनिलासारखा सुगंध येतो. १८२४ सालच्या एका नोंदीप्रमाणे त्या वर्षी ३१ पिंपं पानं मुरवली होती, प्रत्येकात २५ हजार, म्हणजे पावणेआठ लाख पानं. एका मोचीला दोन पानं धरली तर वर्षाला ३ लाख ८७ हजार ५०० मोची. कचऱ्याच्या ढिगाचं हे सोनं. पान खायचं की काढून ठेवायचं यावर एकमत नाही. मी खातो, खारट पान आणि गोड सारण हीच तर त्यातली जोडी आहे.

सणवार सगळा असाच तांदूळ-कडधान्यात बांधलेला आहे. ५ मे रोजी ओकच्या पानातली काशिवामोची, कारण नवा कोंब आल्याशिवाय त्या झाडाचं जुनं पान गळत नाही, वंश चालू राहतो. ३० जूनला क्योतोत मिनाझुकी: पांढरा त्रिकोणी तुकडा, वर अझुकीचा थर. दरबारातली माणसं त्या सुमाराला हिमघरातला बर्फ मागवून खायची. सामान्यांना तो कुठला मिळणार, म्हणून त्यांनी बर्फाच्या खड्याच्या आकाराची मिठाई केली. हजार सालच्या त्या बर्फाच्या वाडग्याची ही गरिबांनी काढलेली नक्कल, आणि आज मूळ वाडगा गेला, नक्कल टिकली.

जुनेपणाचा या धंद्यात मोठा भाव आहे. क्योतोच्या इमामिया देवळाच्या दारात निखाऱ्यावर भाजलेली, गोड पांढऱ्या मिसोची मोची विकणारं एक दुकान स्वतःची सुरुवात इ.स. १००० पासून सांगतं, आणि समोरच्या बाजूला तेच विकणारं दुसरं दुकान काही शतकांनी ‘नवं’ आहे. दालचिनी घातलेल्या यात्सुहाशी या क्योतोच्या वड्यांच्या बाबतीत तर एका दुकानाने पाटीवर लिहिलेलं स्थापनेचं साल खोटं आहे म्हणून दुसऱ्याने कोर्टात दावा लावला. कोर्टाने २०२० मध्ये तो फेटाळला. पुण्यातल्या पेठांत हे अजून कसं झालं नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

दूध आलं, कारखाने आले

१८६८ नंतर जपान उघडला तसे पाव, लोणी, दूध एकदम आले. पाव कुणाला आवडेना. तोक्योच्या किमुराया बेकरीने १८७४ मध्ये साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, किण्वाने पीठ फुगवून पावाच्या पोटात आन्को भरलं. हा आनपान. ४ एप्रिल १८७५ रोजी तो सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला, मधोमध मिठातलं चेरीचं फूल रोवून. सम्राटांना आवडला, म्हणजे पावाला पासपोर्ट मिळाला. पुढे लोखंडी साचे आले आणि १९०९ मध्ये तोक्योत माशाच्या आकाराची ताइयाकी. आत अर्थातच आन्को. एकेकट्या साच्यात भाजलेल्या ताइयाकीला शौकीन लोक ‘समुद्रातली’ म्हणतात आणि एकाच वेळी अनेक निघणाऱ्या साच्यातलीला ‘तळ्यात पाळलेली’. फरक आहे: एकट्या साच्यातली पातळ आणि कडेला कुरकुरीत होते.

साखरेचा तुटवडा संपला तो तैवानमुळे. १८९५ ते १९४५ हे बेट जपानच्या ताब्यात होतं आणि तिथल्या उसाने जपानी बाजार भरून गेला. मग कारखान्यांची मिठाई. अमेरिकेत मिठाईचं काम शिकून आलेल्या मोरिनागा ताइचिरो यांनी १८९९ मध्ये तोक्योत दोन खोल्याही भरणार नाहीत एवढ्या जागेत काम सुरू केलं. खिशात मावणाऱ्या डबीतलं त्यांचं दुधाचं कॅरमेल देशभर गेलं. एझाकी रिइची यांनी कालवं उकळलेल्या पाण्यात ग्लायकोजेन हा शक्ती देणारा घटक असतो हे हेरून ते कॅरमेलमध्ये घातलं आणि १९२२ मध्ये ग्लिको बाजारात आणलं, पोषणाच्या नावावर. १९६६ ची पॉकी, चॉकलेटात बुडवलेली काडी, त्याच कंपनीची. मोरिनागा आणि एझाकी, दोघंही सागा प्रांताचे. साखरेचा तो जुना रस्ता याच प्रांतातून जायचा. युद्धानंतर हिरोशिमाच्या कॅल्बीने १९६४ मध्ये कोळंबी दळून पिठात घातलेल्या कुरकुरीत काड्या आणल्या. या कंपनीचं नावच कॅल्शियम आणि बी-१ जीवनसत्त्व यांतून जुळवलेलं. ७५६ साली औषधांच्या यादीत असलेला गोडवा सुमारे बाराशे वर्षांनी पुन्हा टॉनिक म्हणूनच खपत होता.

मुलांच्या चिल्लरवर चालणारा खाऊ म्हणजे दागाशी. एदो काळातही पांढरी साखर उच्चभ्रू मिठाईला आणि काळी साखर, बाजरी-बार्लीसारखं धान्य गोरगरिबांच्या खाऊला, अशी वाटणी होती. शाळेजवळच्या दागाशीच्या दुकानात अजूनही भाजलेल्या सोयाबीन पिठाची काडीला लावलेली गोळी मिळते. खाऊन झाल्यावर काडीचं टोक लाल निघालं तर दुसरी फुकट. या खाऊचा राजा उमाइबो, मक्याच्या पिठाची फुगीर नळी. १९७९ पासून १० येन. ही किंमत चाळीसहून अधिक वर्षं हलली नाही. एप्रिल २०२२ मध्ये ती १२ येन झाली तेव्हा टीव्हीवर बातम्या झाल्या. २०२४ मध्ये १५.

आणायचं किंवा मागवायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. फुलांच्या आकाराची ओली मिठाई त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवायची. ती विमानात घालू नये. योकान बंद पाकिटात वर्षभर टिकतो. शाकाहारी असाल तर आन्को, मोची, योकान, वासानबोनच्या वड्या बहुधा निर्धास्त. दोरायाकी आणि कासुतेरात अंडं असतं, आणि धोका खरा खाऱ्या पदार्थांत, कारण सेनबेईच्या सोया सॉसमध्ये माशाचा अर्क असू शकतो. घरात आजी-आजोबा असतील तर मोचीचे अगदी बारीक तुकडे करून द्या. तोक्योचं अग्निशमन खातं दरवर्षी नवीन वर्षाच्या तोंडावर हाच इशारा देतं, कारण दर जानेवारीत घशात मोची अडकून म्हाताऱ्या माणसांना इस्पितळात न्यावं लागतं.